नणंदेचा डावा गुडघा

चालणं ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, असं साऱ्या जगात फक्त माझ्या धाकट्या नणंदेला वाटतं. बाकी आपण सगळे एका पायापुढे दुसरा टाकतो आणि ज्या कामाला निघालो ते उरकून घरी येतो. ती मात्र एका उन्हाळ्यात आर्णीच्या बसस्थानकावर दुपारच्या दुपार बसून राहायची, लोक एसटीतून उतरतात कसे ते पाहत. कोण कोणता पाय आधी टाकतं, कोणाचा गुडघा उतरताना आत झुकतो, कोणाला दांडी धरल्याशिवाय उतरताच येत नाही. एका कंडक्टरला वाटलं, पोरीची गाडी चुकली. त्याने आस्थेने विचारलं, "कुठी जायचं हाय, ताई?" तर ही म्हणाली, "कुठीच नाही. तुम्ही एकडाव परत उतरून दाखवता का?"

आधी ती अशी नव्हती. आधी ती नुसती कबड्डी खेळायची. चढाईला गेली की समोरच्या पोरींना ही कुठून आली आणि कोणाला शिवून गेली, हे पंचाचा हात वर झाल्यावरच कळायचं. मग उमरखेडच्या एका सामन्यात बोनस रेषेवरून परत फिरताना तिचा डावा पाय मातीत अडकून राहिला आणि बाकीची ती वळली. आत कुठेतरी 'टक' असा आवाज झाला म्हणे. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. पण तिला दुखण्यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. "मले कोणी हातसुद्धा लावला नव्हता, वयनी! मंग तुटलं कसं?" चार जणींनी मिळून आपटली असती तर तिने निमूटपणे सोसलं असतं, पण कोणी शिवलंही नाही आणि आपण मोडलो, हे कोडं काही तिच्या डोक्यातून जाईना. तिथून तिला प्रश्नांचं वेडच लागलं.

नागपूरच्या सर्जननी तिच्या मांडीच्या मागच्या स्नायूचा एक दोर काढून तो तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवला. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं नाही. "मागचा दोर समोर लावला, मंग मागच्यानं काय करायचं?" असं विचारलं. डॉक्टरांनी हसून समजावलं. "आन् जुना कुठी टाकला?" यावर डॉक्टरांना एकाएकी दुसऱ्या वॉर्डातलं काम आठवलं.

घरी आल्यावर माझ्या शिलाई मशीनवरची टेप गायब झाली. ती तिच्या उशाशी सापडली. डावी मांडी उजवीपेक्षा चांगलीच आटली होती आणि ती सकाळ-संध्याकाळ मोजून बघायची, जणू रात्रीतून फुगणार होती. पहिला व्यायाम अगदी साधा होता. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची, की मांडीचा स्नायू आवळला पाहिजे. पण तो स्नायू जणू सगळं विसरून गेला होता. ती मांडीकडे टक लावून पाहायची आणि म्हणायची, "अवं, हाल ना! तुलेच सांगून राह्यली मी." सासूबाईंनी दोनदा मिरच्या ओवाळून टाकल्या. एके सकाळी आतून अशी किंकाळी आली की मी लाटणं घेऊन धावले. मला वाटलं साप निघाला. तर ही पलंगावर बसून हसते आणि रडते. "हाललं, वयनी! हे पाह्य!" आणि खरंच, कातडीखाली काहीतरी थरथरलं आणि थांबलं.

पुढे ताकद येत गेली तसं तिचं कुतूहल स्वतःच्या पायात मावेना. यवतमाळच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं होतं, "ताकद येते आहे, आता ताबा आणा. उडी मारून उतरताना गुडघा आत जाता कामा नये." तिने ते सगळ्या आर्णीला लागू केलं. दूधवाल्याला डोळे मिटून एका पायावर उभं केलं. बिचारा कॅनसकट आडवा होता होता वाचला. सासूबाईंचे गुडघे कुरकुरायचे, त्यांनाही खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. त्या शिव्या देत उठायच्या, पण उठायच्या.

आणि याच काळात महागावहून तिला पाहायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडलांनी मोठ्या मनाने म्हटलं, "पोरीले काही विचारायचं असन तं विचारू द्या." आम्ही सगळे एकदम म्हणालो, नाही, काही नाही. पण तिने मुलाकडे पाहून अतिशय गंभीरपणे विचारलं, "तुम्ही वसरीवरून अंगणात उडी मारून दाखवता का?" मुलगा भला होता. त्याने पँट सावरून मारली. "दोन्ही आत जातेत," ती म्हणाली. "जपजा." लग्न जमलं नाही. पण जाताना त्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, याच्यावर व्यायाम काय करायचा असते?"

वर्ष होत आलं तेव्हा मॅडमनी एका पायावरच्या उड्या घेऊन पाहिल्या, दोन्ही पायांची ताकद तपासली आणि मैदानात जायला हरकत नाही म्हणाल्या. मीही कौतुकाने सराव बघायला गेले. ती चढाईला गेली, चपळाईने शिवली, आणि परत फिरताना उजव्या पायावर वळली. पुन्हा गेली, पुन्हा उजव्याच. डावा पाय टेकवून वळायची वेळ आली की चार छोटी पावलं टाकून गोल फिरायची. समोरच्या पोरींना ते लगेच कळलं आणि त्या तिला आरामात पकडू लागल्या. त्या दिवशी तिने कोणाला एकही प्रश्न विचारला नाही. जेवताना घरात इतकी शांतता होती की सासूबाईंचा घास अडला. भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "गुडघा म्हणते चाल. मीच म्हणते थांब."

मॅडमनी नवा व्यायाम दिला. ती पळत येणार आणि कोणीतरी आयत्या वेळी 'डावा' किंवा 'उजवा' ओरडणार. त्या पायावर वळायचं, विचाराला सवड नाही. ओरडायचं काम माझ्याकडे आलं. कणीक भिजवता भिजवता मी दारातून ओरडायचे. सासूबाईही खाट टाकून बसायच्या आणि मुद्दाम उलटं ओरडायच्या. तरी 'डावा' म्हटलं की ती क्षणभर अडखळायचीच. हे बरेच दिवस चाललं. एका सकाळी ती अशीच धावत आली, मी तोंड उघडलं, आणि माझी नजर गॅसकडे गेली. मी 'डावा' नाही, 'उजवा' नाही, "दूध!" म्हणून किंचाळले. ती गर्रकन वळली आणि स्वयंपाकघरात शिरून तिने गॅस बंद केला.

मग तिथेच उभी राहिली. "वयनी, मी कोणत्या पायावर वळली?"

"मले काय माहीत? मी दुधाकडे पाहून राह्यली होती."

"असं कसं पाह्यलं नाही व? ठेव पुन्हा दूध!"

तेवढ्यात अंगणातून सासूबाई म्हणाल्या, "डाव्या. मी पाह्यलं ना." ती मटकन खाली बसली. नंतर मी त्यांना खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि पुटपुटल्या, "मले कायचं दिसते एवढ्या दुरून?" पण दुसऱ्या दिवसापासून ती डाव्यावर वळायला लागली, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दिवाळीनंतर महागावला सामने होते. आम्ही तिघी एसटीने गेलो. ती डाव्यावर वळली, उजव्यावर वळली, एकदा तिघींच्या मिठीतून निसटून रेषेवर पडली. सासूबाईंनी सामनाभर डोळे मिटून घेतले होते आणि टाळ्या वाजल्या की मला विचारायच्या, "उभी हाय ना?" संघ थोडक्यात हरला. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती, केसांत माती, हाताला खरचटलेलं. बाहेर वेचणीला आलेली कपाशी मागे पळत होती. ती काही विचारीना, म्हणून मीच विचारलं, "कसं वाटलं?"

तिने हात खाली नेऊन डावा गुडघा चाचपला.

"दुखलं नाही," ती म्हणाली. "पण पयलेसारखं बी नाही, वयनी. पयले मी खेळे ना, तवा मले गुडघा हाय हेच माहीत नव्हतं."

आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. सासूबाईंनी तिच्या केसांतली माती बोटांनी हळूहळू काढायला घेतली.