मोडक्या चकल्यांची परात

चकलीचं टोक तुटलं, तशी वहिनींनी ती गिऱ्हाइकाच्या डब्यातून उचलून बाजूच्या परातीत टाकली. आमच्या शेजारच्या या वहिनी फराळ करून विकतात. मोडकं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, ते घरच्यांनी खायचं, हा त्यांचा नियम.

मी मात्र त्यांची नवी वेबसाइट बघून धुमसत होते. ‘आमचे चकली खूप चांगला आहेत.’ अख्खं मराठी पान हे असलं!

“वहिनी, हे कुणी वाचलं तरी का?”

“अहो ताई, एवढं कोण बघतं? लोक चव बघतात.”

“चव डबा उघडल्यावर कळते. त्याआधी हेच दिसतं ना!”

चिडून मी इंग्रजी पान उघडलं. तिथे एकही स्वल्पविराम चुकलेला नव्हता.

“ते जावयांकडून दोनदा तपासून घेतलं,” वहिनी कौतुकानं म्हणाल्या. “परदेशातले लोक वाचतात, हसायला नकोत.”

“आणि मराठी?”

“ते काय, आपलीच माणसं वाचणार.”

घरोघरी हेच. नक्षीच्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात, आणि कान तुटलेला कप रोजच्या चहाला. आपल्या माणसांना सगळं चालतं, हे आपण कधी ठरवलं? आणि त्या माणसांना विचारलं कुणी?

वहिनींनी ती मोडक्या चकल्यांची परात प्रेमानं माझ्यापुढे सरकवली.

“घ्या हो. तुम्ही काय परक्या थोड्याच आहात!”