शेजारच्या काकांना येणारा निरोप

काल संध्याकाळी बागेतल्या बाकावर शेजारचे काका शेंगा सोलत बसले होते. मीही शेजारी टेकलो. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले.

"ऑफिस! निवृत्त झालो तरी सोडत नाही मला."

काका जिल्ह्याच्या सरकारी क्षयरोग कार्यालयात होते. थुंकी तपासणी, औषधं, नमुने नेणारी गाडी, या सगळ्यांची कंत्राटं तेच सांभाळत. मुदत संपत आली की कॉम्प्युटर आठवण पाठवतो, ती अजून त्यांच्याच नंबरवर येते. नंबर बदलायचं कुणाला सुचलंच नाही.

मी मोबाईल हातात घेतला. 'तपासणीच्या कंत्राटाची मुदत संपली आहे.' वरही तोच निरोप, त्याच्या वर पुन्हा तोच.

मला एकदम सकाळचं आठवलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुनीताताई सकाळीच सांगत होत्या, "यांचा खोकला थांबत नाही हो. दवाखान्यात गेलो तर तपासणीची खिडकी बंद. नंतर या म्हणाले."

सरकार सरकार म्हणून आपण ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपतो, त्याची धोक्याची घंटा इथे टरफलांच्या ढिगाऱ्याशेजारी वाजत होती!

"काका, हे कुणाला कळवलं नाहीत?"

"खुर्ची सोडल्यावर लुडबुड करू नये रे."

मोबाईल माझ्याकडून घेऊन त्यांनी सदऱ्याला हळूच पुसला.

"पण तू बंद करायला सांगू नकोस हं. तेवढीच कुणीतरी आठवण काढतं."