भाऊजींच्या मालकीचं फाटक

घोड्याच्या पाठीवरून जे दिसत नाही ते मुळात बघण्यासारखं नसतंच, अशी माझ्या मोठ्या दिरांची खात्री आहे. ताजमहाल त्यांनी बघितलेला नाही, कारण आत घोडा नेऊ देत नाहीत. नव्वदच्या दशकात दुबईत दर काही महिन्यांनी एखादा नवा मॉल उघडायचा आणि आम्ही सहकुटुंब बघायला जायचो. भाऊजीही यायचे. मात्र आत न शिरता पार्किंगमध्ये कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या अनोळखी माणसांना हिंदीत सांगायचे, "इतना बडा जागा, और घोडा बांधने को एक खुंटी नहीं." लोक मान डोलवून घाईघाईने आपली गाडी शोधायला लागायचे.

त्यांचा जन्म माथेरानचा. माझ्या सासऱ्यांची तिथे खाणावळ होती. माथेरानात मोटार येत नाही, त्यामुळे दोन्ही भाऊ घोड्यांच्या पायांत वाढले. माझे यजमान घाट उतरल्या उतरल्या मोटार शिकले आणि सुधारले. भाऊजींनी मात्र मोटार हे थोड्या दिवसांचं फॅड असल्याचं ठरवून टाकलं. पुढे दुबईला आल्यावर अल कुसैसमध्ये, शारजाच्या हद्दीला लागून, त्यांनी जनावरांच्या खाद्याचं दुकान काढलं. जव, भुसा, लसूणघास पोचवायला पिकअप घ्यावीच लागली, पण ती त्यांनी कधी मोटार म्हणून चालवली नाही. ब्रेक दाबताना ते "हो हो हो" म्हणायचे, चौकाच्या गोलात सगळं अंग आतल्या बाजूला झुकवायचे आणि मुक्कामी पोचलो की डॅशबोर्डवर दोन थापा मारून मगच उतरायचे. त्यांच्या शेजारी बसून जाताना आपणही नकळत झुकतो. मी झुकलेली आहे.

शर्टाच्या प्रत्येक खिशात गूळ. घोड्यांसाठी. माझी मोठी जाऊ खिसे तपासूनच कपडे मशीनमध्ये टाकायची, तरी महिन्यातून एकदा त्या घरातले सगळे कपडे काकवीत बुडवल्यासारखे निघायचे. एकदा माझ्या मुलाने जेवताना त्यांच्या खांद्याकडे बोट दाखवून म्हटलं, "काका, देअर आर अँट्स ऑन यू." भाऊजींनी शांतपणे खांद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असू देत रे. त्यांनीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

माणसांची पारख ते मांडीवरून करतात. मांड म्हणजे बैठक, खोगिरावर पक्कं बसण्याची तऱ्हा. माझ्या पुतणीला, म्हणजे भाऊजींच्या मुलीला, बघायला अबुधाबीहून मुलगा आला. बँकेत नोकरी, घरची माणसं चांगली, बोलणं गोड. पाहुणे गेल्यावर सगळ्यांनी आपापलं मत दिलं. भाऊजी शेवटी म्हणाले, "मुलगा वाईट नाही. पण मांड कच्ची आहे. पोह्यांची बशी हातात दिली तर सोफ्यावरून घसरला." लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे, पण तो जावई अजूनही भाऊजी खोलीत आले की सोफ्यात मागे सरकून दोन्ही गुडघे आवळून बसतो.

आणि स्तुती. काही मागायचं असलं की भाऊजी आधी स्तुती करतात, तीसुद्धा फार लांबून. चहा हवा असेल तर आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीपासून सुरुवात होते. फरशी काय सुरेख, ओटा काय स्वच्छ, शेगडीची ज्योत बघा कशी निळी. स्तुती शेगडीपर्यंत आली की मी विचारते, "भाऊजी, साखर किती?" माझ्याकडे वेळ कमी असतो. मला सगळं आखून, लिहून, क्रमाने करायची सवय आहे, म्हणून ते मला सेक्रेटरीबाई म्हणतात.

तर या माणसाचं सगळं सुख एका वाटेवर अवलंबून होतं. शहराबाहेर खवानीजच्या बाजूला मळ्यांचा पट्टा होता, त्याच्या टोकाला एक भाड्याचा तबेला. तिथे भाऊजींची काजू नावाची घोडी होती, रंगाने भाजलेल्या काजूसारखी आणि स्वभावाने सासूसारखी. दर शुक्रवारी पहाटे दहा-बारा माणसं तिथून रपेटीला निघायची. त्यात शाळेत शिकवणारी एक इंग्रज बाई होती, ट्रकचा धंदा करणारे दोन पेशावरी भाऊ होते, रत्नागिरीकडचा एक बेकरीवाला होता, आणि जवळपासची अरब पोरं तर खोगिराशिवायच निघायची. तबेल्यातून दोन मळ्यांच्या मधून, मग एका म्हाताऱ्या अरबाबांच्या, म्हणजे अरब मालकांच्या, मळ्यातून आडवं, घाफच्या झाडांच्या रांगेखालून, आणि पुढे एकदम उघडं वाळवंट. ती वाट कोणी आखली नव्हती. घोडे जात आले होते, म्हणून ती होती. माथेरानच्या माणसाला यापेक्षा मोठा कायदा माहीत नव्हता.

एका शुक्रवारी मंडळी मळ्यापाशी पोचली तर वाटेवर कोरी तारेची जाळी, आणि मध्ये निळं, दुहेरी, बंद लोखंडी फाटक.

झालं होतं असं, की अरबाबांचा मुलगा परदेशातून शिकून आला होता. त्याने मळ्यात ठिबकचे पाइप घालून गवत लावलं होतं, आणि आमच्या मंडळींच्या घोड्यांनी ते पाइप दोनदा तुडवले होते. त्याचं चुकलं होतं असं मी तरी म्हणणार नाही. जमीन त्याची, पाइप त्याचे. पण वाळवंटाकडे जायला आता उरला फक्त डांबरी रस्ता, वाळूच्या ट्रकांचा. पुढच्याच शुक्रवारी एका टँकरने भोंगा वाजवला, इंग्रज बाईंचा घोडा उधळला आणि बाई रस्त्याकडेच्या वाळूत जाऊन बसल्या. लागलं काही नाही, पण तबेल्याच्या मालकाने सांगून टाकलं, "रस्ता नहीं, तो तबेला खलास. महिनाअखेर बंद." बाकीचे घोडे विकले गेले असते. काजू म्हातारी होती. तिला कोणी घेतलं नसतं, आणि तिला अल कुसैसच्या घरी तिसऱ्या मजल्यावर नेणंही शक्य नव्हतं, जरी भाऊजींनी लिफ्टची रुंदी मोजल्याचं जाऊबाईंनी मला खाजगीत सांगितलं होतं.

मी कामाला लागले. वाटेचा नकाशा काढला, फोटो काढले, रपेटीच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, अरबी आणि इंग्रजी अर्ज टाइप करून घेतला. पाइप तुटला तर दुरुस्ती आमची, असं कलमही घातलं. मग अरबाबांच्या मजलिसमध्ये भेटीची वेळ ठरवली. जाणार तिघं: इंग्रज बाई, मी आणि भाऊजी. बोलणार भाऊजी, कारण अरबाब तरुणपणी मुंबईला व्यापारासाठी येऊन राहिलेले, हिंदी चांगलं बोलायचे. गाडीत मी भाऊजींकडून घोकून घेतलं: नमस्कार-चमत्कार, तब्येतीची चौकशी, कॉफी, मग फाईल.

"आणि स्तुती नको," जाऊबाईंनी निघताना बजावलं होतं.

"मी कधी करतो?" भाऊजी म्हणाले, आणि लगेच, "काय सुरेख साडी आहे गं ही."

मजलिस म्हणजे चारही भिंतींना गाद्या लावलेली लांब खोली. अरबाब मधोमध, पांढरी दाढी, हातात काठी. मुलगा त्यांच्या उजव्या हाताला, कपाळावर आठी. कॉफी आली, खजूर आले. भाऊजींनी एक खजूर तोंडात टाकला आणि त्यांचे डोळे मिटले.

"खजूर तो... क्या बताऊं. ऐसा खजूर मैंने जिंदगी में नहीं खाया."

अरबाबांनी बोट हलवलं. नोकराने खजुरांचा आख्खा डबा आणून भाऊजींच्या मांडीवर ठेवला. मी घसा खाकरला. अरबांच्या घरी एखाद्या वस्तूची मनापासून स्तुती केली की यजमान ती देऊ करतो, ही तिथली जुनी रीत. दुबईत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ती माहीत असायला हवी. पण भाऊजींच्या लेखी तो डबा म्हणजे फक्त एक अडथळा होता. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि दुसरं काहीतरी शोधायला लागले.

"ये कॉफी का भांडा भी... क्या नक्षी है!"

भांडं रिकामं करून, पुसून, कागदात गुंडाळून डब्याशेजारी आलं. इंग्रज बाई माझ्या कानात पुटपुटल्या, "मेक हिम स्टॉप." मी भाऊजींच्या पायावर पाय दिला. त्यांना वाटलं मी म्हणते आहे की आता मुद्द्यावर या. म्हणून ते मुद्द्यावर आले. म्हणजे त्यांच्या पद्धतीने.

"और अरबाब, वो आप का गेट!" ते दाराबाहेर हात करून म्हणाले. "वाह! क्या निळा रंग, क्या बिजागिरी! मैं पहले दिन से देखता हूं. ऐसा गेट पूरे दुबई में नहीं."

अरबाबांनी मुलाकडे बघितलं. मग भाऊजींकडे. मग माझ्या मांडीवरच्या जाड फाईलकडे, बराच वेळ.

"गेट पसंद आया?"

"बहुत!"

"खलास. आप का. ले जाओ."

"यबा!" मुलगा ओरडला. यबा म्हणजे बाबा. पुढचं सगळं अरबी होतं, पण त्याच्या हातवाऱ्यांत गवत, पाइप आणि शेजारच्या बकऱ्या स्पष्ट दिसत होत्या. म्हाताऱ्याने काठी एकदा जमिनीवर टेकवली आणि मुलगा गप्प बसला. भाऊजी "नको नको" करत राहिले, पण आपल्याकडचं नको नको आणि त्यांच्याकडचं नको नको यांत फरक आहे. त्यांच्याकडे ते कोणी ऐकूनच घेत नाही. माझी फाईल उघडलीच गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला आणि दोन माणसांनी ते निळं फाटक भाऊजींच्या दुकानासमोर उतरवलं. ते दुकानाहून रुंद होतं. गिऱ्हाइकांना आत यायला जागा उरली नाही. पहिलं गिऱ्हाईक, बकरीचा खुराक न्यायला आलेला एक सुदानी, फाटकाभोवती फेरी मारून म्हणाला, "हबीबी, दुकान बंद किया?" भाऊजी जवाच्या पोत्यावर डोक्याला हात लावून बसले होते. परत द्यावं तर अपमान. ठेवावं तर धंदा बंद.

जाऊबाई आल्या, त्यांनी फाटक या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आता त्यांच्या उंटाची तेवढी स्तुती करू नका."

इकडे जाळीत मात्र भलं मोठं भगदाड पडलं होतं. शुक्रवारी सगळी मंडळी त्यातून थाटात पार झाली. शनिवारी शेजारच्या बकऱ्याही झाल्या. रविवारी अरबाबांच्या मुलाचा दुकानात फोन आला. भाऊजी आवाज ऐकूनच उभे राहिले आणि फोनवर बोलताना अटेन्शनमध्येच राहिले. मी तेव्हा बिलं लावायला दुकानात होते. मला एकच बाजू ऐकू आली, पण तेवढी पुरली.

"बकरी आया? अच्छा. कितना खाया? अरे अरे... हां, गेट मेरे पास है... वापस? वापस कैसे देगा, आप के वालिदसाब ने दिया है. मेरा है." इथे ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "लेकिन सुनो. मेरा गेट मैं किधर भी लगा सकता हूं ना? तो मैं उसको आप के तार में लगाता हूं. हां, उधरिच. बिजागिरी भी मेरी, मजदूरी भी मेरी. शुक्कर को मैं खोलेगा, घोडा जाएगा, घोडा आएगा, मैं बंद करेगा. बकरी आया तो मेरे को बोलो. पाइप टूटा तो मेरे को बोलो."

पलीकडे म्हाताऱ्याने फोन घेतला असावा, कारण दुकानभर ऐकू येईल असं हसू आलं. म्हातारबुवांना हे सगळं मजलिसमध्येच कळलं होतं, असं माझं ठाम मत आहे. मुलाचं कुंपण मोडून त्याला पाहुण्यांसमोर खाली बघायला लावणं त्यांना नको होतं. पाहुण्याला फाटक देणं ही मात्र रीत होती, आणि रीतीपुढे मुलाला बोलता येईना.

फाटक परत गेलं ते वाजतगाजत. पेशावरी भावांनी ट्रक दिला, बेकरीवाल्याने सगळ्यांना खारी वाटली, अरब पोरांनी टपावर बसून टाळ्या पिटल्या. भाऊजींनी स्वतः बिजागऱ्यांना तेल घातलं. पहिल्या शुक्रवारी काजूवर मांड ठोकून ते फाटकातून निघाले तेव्हा त्यांची मान इतकी ताठ होती की वरची घाफची फांदी त्यांना दिसलीच नाही. टोपी गेली. ती काढायला ते थांबले नाहीत. तबेला राहिला. घोडे राहिले. पाइपांपाशी येताच सगळी रपेट दुडकी सोडून पावलापावलाने चालायला लागली. काही महिन्यांनी अरबाबांचा मुलगाही एका शुक्रवारी घोडा घेऊन आला. भाऊजी म्हणाले, "मांड पक्की आहे. मला आधीच कळायला हवं होतं."

पुढे नवं शतक लागलं आणि मळ्यांच्या जागी व्हिला यायला लागल्या. अरबाब वारले. मुलाने जमिनीचे प्लॉट पाडले. आम्ही मनाशी धरून चाललो होतो की आता वाट गेली. पण नकाशा आला त्यात दोन भिंतींच्या मधून वाळूचा एक पट्टा कोरा सोडलेला, आणि तो घाफच्या झाडांपाशी उगाचच वळसा घेत होता. इंजिनियरने विचारलं म्हणे, इथे सरळ रेघ का नाही? मुलाने सांगितलं, "तिथे एका माणसाचं फाटक आहे. माझ्या वडिलांनी दिलेलं."

त्या वाटेवरून आजही घोडे जातात. काजू नाही. भाऊजींचे गुडघे गेले, डॉक्टरांनी रपेट बंद केली. तरी शुक्रवारी पहाटे फाटक उघडायला आणि शेवटचा घोडा परतल्यावर लावायला ते स्वतः जायचे. कडी घातली की ती ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे. हे काम त्यांनी कधी कोणाच्या हाती दिलं नाही. तबेल्याच्या मोतद्दाराच्या नाही, पेशावरी भावांच्या नाही, माझ्या यजमानांच्या तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात मी सोबत गेले होते. घोडे आले, घामेजलेले, एकामागून एक. भाऊजी प्रत्येकाच्या मानेवरून हात फिरवत उभे होते.

"सगळे आले?" त्यांनी विचारलं.

"आले, भाऊजी."

"मग सेक्रेटरीबाई, आज तुम्ही लावा."

मी फाटक ओढलं, कडी घातली, ओढून बघितली. वळले तेव्हा ते काठी टेकत पुढे निघाले होते. नीट लागलं का, हे बघायला ते मागे वळले नाहीत.