चुन्याच्या थराला मात्रा

भाव केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. तर दुसऱ्याच्या भुताखेताच्या गोष्टी पारखल्याशिवाय कशा घेणार? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही बसू नये असंच वाटतं. पण घडलं ते सांगतो.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव. सुरतेहून घासाघीस करून आणलेल्या जुन्या यंत्रावर मी एक्स-रे काढायचो. डॉक्टर नव्हतो. काम हातानं शिकलो होतो. छातीचा एक्स-रे काढताना हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडामागचा क्षयाचा डाग लपतो. रोग्याला विशिष्ट तऱ्हेनं मागं रेलवलं की तो उघडा पडतो. ही युक्ती माझी!

कोणती बाजू उजवी हे कळावं म्हणून फिल्मच्या कोपऱ्यात शिशाचं अक्षर ठेवतात. माझं अक्षर होतं मराठी ‘जे’. त्याला कारण माझे एक रोगी, कळसाडी गावचे झिपरूआबा. ‘उजवा खांदा पुढे’ म्हटलं की ते हटकून डावा करत. फिल्म वाया गेली, तेव्हा मी ओरडलो.

‘‘उजवा म्हंजे कोनता रे भो? जेवना सांग ना! आनि इतला काब्र वरडी ऱ्हायना?’’

आमच्याकडे उजवा म्हणजे जेवणाचा हात, जेवना. म्हणून ‘जे’.

पुढे आबांची डाग स्पष्ट दाखवणारी फिल्म आणि या युक्तीवरचा माझा लेख मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे दिला. इंग्रजी ते करणार, नाव आधी माझं, मग त्यांचं, असं ठरलं होतं. जर्नलमध्ये नाव आलं एकट्या त्यांचं! शेवटी ‘नंदुरबारच्या एका मदतनीसाचे आभार’. मग जो तो आपल्या लेखात ‘अमक्या डॉक्टरांची पद्धत’ म्हणून त्याचाच दाखला देऊ लागला. मी पेटलो. गाडी पकडून भरदुपारी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

‘‘माझी फिल्म काढा. कोपऱ्यात माझं अक्षर आहे.’’

त्यांनी शांतपणे काढली. कोपरा कात्रीनं सरळ कापलेला!

‘‘छपाईला अडचण होत होती, पाटील.’’

त्यांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली... आणि आम्ही दोघंही पुढे वाकलो. उजव्या फुफ्फुसाच्या माथ्यावर, अगदी डागाच्या जागी, पांढरं शुभ्र ‘जे’ उमटलं होतं. टेबलावर जर्नल उघडंच होतं. त्यात छापलेलं चित्र याच फिल्मचं, त्यात अक्षराचा मागमूस नाही. फिल्म मी स्वतः धुतली होती. तेव्हाही नव्हतं.

‘‘चुन्याचा थर आहे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘गाठ सुकली की बसतो.’’

‘‘चुन्याच्या थराला मात्रा असते का हो?’’

त्यांनी दिवा बंद केला. ‘‘जा तुम्ही. दुरुस्ती छापतो.’’

परतल्यावर आधी आबांना बोलावून नवा एक्स-रे काढला. डाग सुकलेला, अक्षर नाही. सगळं सांगितलं तर म्हातारा खदखदून हसला. ‘‘तुन्हं अक्षर मन्ही छातीमा? मंग भाडं दे ना भो!’’

दुरुस्ती आली नाही. आला डॉक्टरांचा दुसरा लेख — ‘फुफ्फुसाच्या माथ्यावरील चुन्याच्या थराचा दुर्मीळ आकार’. सोबत तेच चित्र, ‘जे’सकट! आभारसुद्धा नाहीत. आणि पहिल्यापेक्षा या लेखाचे दाखले जास्त. परदेशातले डॉक्टर माझ्या जेवन्या हाताला रोग समजून अभ्यासत बसले!

ज्या कुणी शक्तीनं हे केलं, तिच्यावर माझा राग अजून गेलेला नाही. अक्षर उमटवायची ताकद होती, तर बाई, पुरतं नाव उमटवायला काय झालं होतं? अर्धवट काम मला कुणाचंच खपत नाही.

ते अक्षर कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही. पुष्कळ जाणत्यांना विचारून झालं. कधी कारण सापडलंच, तर या वेळी कुणाला इंग्रजी करायला देणार नाही. मराठीतच छापीन, आणि वर नाव एकच असेल.