उभ्यानं घातलेलं गाऱ्हाणं

माझ्या बाबांचं ब्लडप्रेशर ते आडवे असताना ताडमाड, आणि उभे राहिले की भुईसपाट. हा काय चावटपणा, असं मी डॉक्टरांना रागानंच विचारलं होतं. त्यांनी नीट समजावलं. माणूस उठला की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांना ते कळतं, त्या मेंदूला कळवतात. मग मेंदू मज्जातंतूंकरवी हृदयाला घाई करायला लावतो, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळायला लावतो. आपल्याला पत्ताही नसतो. बाबांचे मज्जातंतू हा निरोप पोचवेनासे झाले होते.

"उभं असताना भोवळ आली तर धरून ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. "लगेच आडवं करा, पाय वर उचला. डोक्याला रक्त मिळायला हवं." मी मान डोलावली. मोठी शहाणी!

गावच्या देवळात गाऱ्हाणं कायम बाबाच घालायचे. देवापुढे उभं राहून सगळ्या गावासाठी मागायचं, आणि प्रत्येक मागण्यावर गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं. यंदा बसून घाला म्हणून मी हातापाया पडले.

"गप गो! देवाफुडे कोण बसान गाऱ्हाणा घालता?"

डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजेसुद्धा घातले नाहीत. देवळात मोजे कसले!

भर दुपार, सकाळपासून उपास, मंडपात घामाच्या धारा. मी मागे बायकांत उभी. मुंबईला गेलेल्या पोरांसाठी मागता मागता बाबांचा आवाज जड झाला. मान कलली, अंग झुलायला लागलं.

"अवसार इलो रे!" कुणीतरी ओरडलं. बाबांच्या अंगात देव आला, असंच सगळ्यांना वाटलं. दोघांनी त्यांना काखेत हात घालून उभं धरलं. देवाला कोण जमिनीवर आडवं करतं? अख्ख्या मंडपानं हात जोडले.

मीही जोडले. हो, मीच, डॉक्टरांचं सगळं ऐकून आलेली! मनात आलं, खरंच देव आला असेल तर? या एका विचारासाठी मी स्वतःला कधीच माफ करणार नाही.

बाबांच्या तोंडातून लाळ गळली तेव्हा कुठे मी किंचाळले, "आडवे करा रे त्यांका!" गर्दीत घुसले तर शेजारच्या काकीनं दंड धरला. "थांब गो, देव बोलतलो आता."

देव काही बोलला नाही.

आता बाबा खाटेवर असतात. मेंदूला फार वेळ रक्त मिळालं नाही, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज दंडाला पट्टा बांधते, आकडा बघते. कशासाठी, देव जाणे. बाबांकडे आता दोनच शब्द उरलेत.

"बाबा, पेज भरवू?"

"व्हय म्हाराजा."

"बाबा, मी कोण?"

"व्हय म्हाराजा."

काल त्यांचे पाय चेपताना मला राहवलं नाही. विचारलं, "बाबा, माका उशीर झालो ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय म्हाराजा."