वहिनीनं उकळलेलं पाणी

सांगलीला कॉलेजात आमच्या रसायन मंडळाचा एक रिवाज होता. सुट्टीहून येताना प्रत्येकानं घरच्या पिण्याच्या पाण्याची बाटली आणायची, प्रयोगशाळेत तपासायची आणि निकाल ज्याचा त्यानं घरी जाऊन सांगायचा. "परक्यानं सांगितलं तर लोक अंगावर येतात," सर म्हणायचे. मला काय, घमेंडच होती. तासगावकडची आमची विहीर. उन्हाळ्यात अख्खी वस्ती तिच्यावर जगायची आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, कधी कुणाची घागर रिकामी धाडली नव्हती.

नळीत औषध घातलं आणि माझं पाणी गुलाबी झालं. पुन्हा केलं, तरी तेच. गुलाबी म्हणजे नायट्रेट. द्राक्षबागेला आम्हीच ओतलेलं खत मुरत मुरत विहिरीत उतरलं होतं. मोठ्यांना ते सहज बाधत नाही, पण तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. ओठ निळे पडतात. सरांनी विचारलं, "घरात तान्हं आहे का कुणी?" होतं. भावाचं बाळ, तेही पावडरच्या दुधावर.

दुपारचीच एसटी धरली. घरी पोचले तर वहिनी बाळाचं पाणी उकळत होती. तिच्याइतकी काळजी वस्तीत कोणी घेत नसे. "निम्मं आटेस्तोवर उकळते बघा वन्सं," ती कौतुकानं म्हणाली. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. उकळावं तितकं ते दाट होतं. कसंबसं सांगितलं. तिनं गॅस बंद केला, बाळाला दारात उजेडाला नेलं आणि त्याचे ओठ बघत राहिली. डॉक्टरांनी तपासून बाळ ठीक असल्याचं सांगितलं, तरी रात्री ती जेवली नाही.

सकाळी शेजारच्या काकी घागर घेऊन आल्या. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती. आबा विहिरीच्या काठावरून उठले.

"काकी, ह्यातलं पाणी बाळाला देऊ नगा. पोरीनं कालेजात तपासून आणलंय, खत उतरलंय ह्यात."

"आवं भावजी, काल गोड हुतं की."

"आजबी गोडच हाय."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "पोरगी शिकली आन् विहीर नासली व्हय? आमी उकळून पाजू." मला राग आला. त्यांनी दोर हातात घेतला.

तेवढ्यात वहिनी बाळाला कडेवर घेऊन आली. रडून डोळे सुजलेले. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकी, म्या उकळूनच पाजत हुते."

काकींनी दोर खाली ठेवला.