बगळ्याच्या पानावरची ओळ

रोज सकाळी साडेनऊला काकू खांद्याला पर्स अडकवायची आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायची. त्याआधी टेबल ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्याने, मग तळहात फिरवून बघायची, कारण टेबल जरा जरी दमट राहिलं तरी कागद फुगतात. अंगात इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, पायात बाहेरच्या चपला. पर्समध्ये रुमाल आणि चष्म्याचं घर याशिवाय काही नसायचं, पण ती खांद्यावरून उतरायची नाही.

पहिल्या दिवशी आजीने तिला तशी पाहिली तेव्हा मी तिथेच चहा पीत होते.

"कुठे निघालीस?" आजीने विचारलं.

"कामाला."

"मग जा की."

"पोचले."

आजीने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

काकूचा हिशेब साधा होता. पर्स दिसली की समोरच्याला वाटतं, बाई निघाल्यात, आपण आटोपतं घ्यावं. आठवडाभर ही युक्ती चालली. मग ही पर्स कुठेच जात नाही हे सगळ्या जिन्याला कळलं. सवय मात्र राहिली.

एम.ए.ची दोन वर्षं मी काका-काकूंकडे राहून केली. माझे तास दुपारचे असायचे, त्यामुळे काकूच्या सकाळी मी अगदी जवळून पाहिल्या. ती मुद्रितं तपासायची. पुस्तक कुणीतरी लिहितो, दुसरा कुणी ते संगणकावर जुळवतो, आणि छापायला जाण्यापूर्वी काकू त्याचं अक्षर न् अक्षर वाचून चुका काढते. अकरा वर्षं तिने हे काम एका छापखान्यात केलं. तिथे तिला खुर्ची होती, टेबल होतं आणि किल्ली लागणारा एक खण होता. त्या खणाबद्दल ती बाकीच्या बायका माहेराबद्दल बोलतात तसं बोलायची. छापखाना बंद पडला आणि ती घरून काम करू लागली. आता तिचं ऑफिस एक वाजेपर्यंत टेबलावर असायचं. एकला जेवणं, म्हणून सगळे गठ्ठे फ्रिजच्या डोक्यावर. अडीचला पुन्हा खाली. कितव्या पानावर होतो ते शोधण्यात दहा मिनिटं.

काकांना कुणी विचारलं, वहिनी काय करतात, तर ते म्हणायचे, "घरीच असते. थोडंफार तपासायचं काम करते."

काकूला 'घरीच'पेक्षा 'थोडंफार' जास्त लागायचं. "रोज चाळीस पानं वाचते मी," ती म्हणायची. "तुमच्या ऑफिसात आहे का कुणी रोज चाळीस पानं वाचणारं?"

"आमच्याकडे वाचत नाहीत," काका म्हणायचे. "सह्या करतात."

ती घरी असते ही बातमी तिच्या कामापेक्षा लवकर पसरली होती. आमच्या दाराशी तीन घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असायच्या. वरच्या मजल्यावरची बाई सगळी पार्सलं आमच्या पत्त्यावर मागवायची आणि संध्याकाळी न्यायला आली की उघडून दाखवायची. चपला, पडदे, एकदा तर टबात बसायचं प्लास्टिकचं स्टूल. "तुम्हाला कसं वाटतं?" ती विचारायची. काकू 'चांगलं आहे' म्हणायची आणि तेवढ्यात टेबलावरच्या वाक्याचा धागा सुटायचा. नळ दुरुस्त करणारा, मीटर बघणारा, सोसायटीच्या सभेची सही घेणारा, सगळे आमच्याकडेच. "तुम्ही असताच ना," हे वाक्य मी त्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलं की ते म्हणणाऱ्याचा चेहरा बघायचं मी सोडून दिलं.

आजीचा स्वभाव वाईट नव्हता. तिला फक्त शांतता सोसायची नाही. काकू दोन तास गप्प बसली की आजीला वाटायचं, काहीतरी बिनसलंय.

"रागावलीस का?"

"नाही आई, वाचतेय."

"मोठ्याने वाच मग. मलाही कळेल."

अशातच तो पक्ष्यांचा कोश आला. सहा खंडांचं काम, चारपाच वर्षं पुरेल असं. पहिला खंड पाणपक्ष्यांचा. संपादक फोनवर म्हणाले होते की हा खंड नीट झाला तर पुढचे पाचही काकूकडेच येतील. त्या संध्याकाळी काकूने स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीचा विषय काढला. त्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्या, मोडका पंखा आणि काकांचं व्यायामाचं यंत्र होतं, ज्यावर टॉवेल वाळायचे. पण तिला दार होतं, आणि दाराला आतून कडी.

"एवढ्याशा कामाला खोली कशाला?" काका म्हणाले.

"सहा खंड आहेत."

"एक तरी छापून येऊ दे. आला की त्या रविवारी खोली रिकामी करतो. शब्द."

काकूने तो शब्द धरून ठेवला. सात महिने ती त्या दाराकडे बघत बगळे, बदकं, पाणकोंबड्या वाचत राहिली. मध्येच उठून खोलीत जायची, दार लोटायची, लगेच बाहेर यायची. "किती ऐकू येतं ते बघत होते," असं एकदा तिने मला सांगितलं. "कमी येतं गं. बरंच कमी."

तिच्या धंद्याचा एक नियम इथे सांगायला हवा. समासात पेन्सिलीने लिहिलं तर ती शंका. अक्षरं जुळवणारा तिला हात लावत नाही. लाल शाईने लिहिलं तर तो हुकूम. ओळीत जिथे शब्द राहिलाय तिथे कावळ्याच्या पायासारखी छोटी खूण करायची आणि समासात लाल शाईने तो शब्द लिहायचा. जुळवणारा विचार करत बसत नाही. लाल दिसलं की घातलं. म्हणून काकू स्वतःसाठी काही टिपायचं तर ते पेन्सिलीनेच टिपायची, आणि काम संपल्यावर खोडून टाकायची. पण आमच्या घरात पेन्सिल टिकायची नाही. आजी तिने परकरात नाडी ओवायची.

शेवटची वीस पानं पाच वाजता न्यायला माणूस येणार होता, तो दिवस मला आठवतो. सकाळपासून बेल चारदा वाजली. पार्सल, नळवाला, पुन्हा नळवाला कारण पाना विसरला होता, आणि मग वरची बाई, पार्सल आलं का विचारायला. आजीने न्हाणीघरातून हाक मारली की मी डोक्यावरून पाणी घेतेय, टाकी भरली की मोटर तेवढी बंद कर. काकू न बघता "हो" म्हणाली. पाच वाजता तिने गठ्ठा दोरीने बांधून दिला आणि पहिल्यांदा, भरदिवसा, चपला काढून सोफ्यावर आडवी झाली.

पुढच्या फेरीची मुद्रितं तिच्याकडे आलीच नाहीत. प्रकाशनाची तारीख जवळ आली होती. संपादक म्हणाले, "तुम्ही एकदा बघितलंय ना, मग आम्ही पुन्हा बघत नाही."

हे ती दोन दिवस सगळ्यांना सांगत होती. नळवाल्यालासुद्धा.

खंड घरी आला तो शनिवार होता. जाडजूड, गुळगुळीत, नव्या कागदाचा वास. काकांनी तो हातात तोलून पाहिला आणि "उद्या खोली काढू" असं आपणहून म्हणाले. आजीने चष्मा लावला, मांडीवर उशी घेतली, उशीवर खंड ठेवला आणि मधूनच उघडून मोठ्याने वाचायला लागली. काकू समोर बसून ऐकत होती. स्वतः वाचलेलं पुस्तक दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिचे ओठ किंचित हलायचे.

"बगळा," आजीने वाचलं. "हा पक्षी उथळ पाण्यात एका पायावर बराच वेळ निश्चल टाकी भरली की मोटर बंद करणे उभा राहतो." आजीने मान डोलावली. "बरोबर आहे. मी रोज सांगते."

काकूचे ओठ हलायचे थांबले. आजीने चष्म्यावरून बघितलं. "काय झालं?"

काकांनी खंड ओढून घेतला, ओळ वाचली आणि आजीकडे वळले. "आई, तू लिहिलंस हे?"

"मी? मी कशाला लिहू?"

"मोटर मोटर तूच करतेस घरात. हिच्या कागदांना हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय."

"मी पेन्सिलीला शिवते. लाल पेनाला कधी शिवले नाही."

"मग बगळ्याने लिहिलं का?"

मला हसू आलं होतं, ते काकूचा चेहरा बघून गेलं. ती त्या ओळीकडे बघत नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

रविवारी खोलीचं नाव कुणी काढलं नाही. सोमवारी संपादकांचा फोन आला. सभ्य माणूस, आधी हसले. मग म्हणाले की बाराशे प्रतींत त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवतोय, चार माणसं बसवलीत. मग म्हणाले की पुढचे खंड ते आता ऑफिसातल्याच माणसांकडून करून घेतील. "तुमच्याबद्दल तक्रार नाही," ते म्हणाले. "पण घरी काय, चालायचंच." फोननंतर त्यांनी काकूने तपासलेल्या त्या पानाचा फोटो पाठवला. काकूने तो मोठा करून पाहिला, मोबाइल पालथा ठेवला आणि टेबल पुसायला घेतलं. ते पुसलेलंच होतं.

त्या तीन दिवसांत घरात अद्भुत शांतता होती. आजी टेबलाकडे फिरकलीसुद्धा नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायची. काकूचा चहा टेबलाच्या अगदी कडेला, हात लांब करून ठेवायची, जसं काही टेबल तापलंय. काका आईशी तुटक बोलत होते आणि बायकोशी फार जपून. तुझं काम आमच्यामुळे गेलं, खोली तरी घे, असं म्हणून त्यांनी बुधवारी संध्याकाळी गाद्या बाहेर काढल्या. पंखा माळ्यावर गेला. व्यायामाचं यंत्र दिवाणखान्यात आलं. काकूने खोली झाडली, पुसली, छापखान्यातून आणलेला दिवा आत नेऊन लावला. औषधांच्या डब्यातल्या माहितीपत्रकांचं एक किरकोळ काम तिच्याकडे होतं, ते घेऊन ती आत बसली आणि तिने कडी लावली.

बाहेरून आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. पाऊण तासाने कडी निघाली.

आजी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. काका बातम्या बघत होते. काकू दोघांच्या मध्ये दारात उभी राहिली, पर्स अजून खांद्यालाच.

"ते माझं अक्षर होतं," ती म्हणाली.

काकांनी आवाज कमी केला. "काय?"

"मोटरचं. मीच लिहिलं. वाक्य तुटू नये म्हणून आईंचं सांगणं टिपून ठेवलं. पेन्सिल सापडली नाही, हातात लाल होतं. ओळीत 'निश्चल' राहिला होता, तो समासात घातला होता, त्याच्या खालीच लिहिलं. जुळवणाऱ्याने दोन्ही घातलं. त्याची काही चूक नाही."

आजीच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. "तीन दिवस मी पाटावर जेवतेय," ती म्हणाली.

"हो."

"गुडघे दुखतात माझे."

"माहीत आहे, आई. मला ऐकू येत होतं."

काकांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यामुळे नाही गेलं काम."

मला वाटलं, काकू बोलेल. मी वाट बघत होते की ती आता चारदा वाजलेली बेल, तीन किल्ल्या, दोनदा आलेला नळवाला, सगळं मांडेल. तिने तोंड उघडलंही. मग मिटलं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं आमच्याकडे म्हणतात. त्या वेळी मला त्या म्हणीचा राग आला.

खोली कुणी परत घेतली असं म्हणता येणार नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी काकांचे आतेभाऊ दोन दिवसांसाठी येणार होते, म्हणून गाद्या तात्पुरत्या आत गेल्या. आतेभाऊ गेले, गाद्या राहिल्या. यंत्र दिवाणखान्यात पायांत येत होतं, तेही गेलं. काकूने दिवा स्वतःच बाहेर आणला. "एक खंड छापून आला की देतो" हा शब्द पाळला गेला होता, असं काकांचं मत होतं, आणि मोजायला गेलं तर ते खरंच होतं. नऊ दिवस.

एक बदल मात्र झाला. आजी पुन्हा टेबलाशी येऊन बसू लागली, पण आता कामाच्या वेळीही. काकू औषधांची बारीक अक्षरं वाचायची, आजी समोर भाजी निवडायची आणि मधूनच विचारायची, "हे कशाचं गं?" काकू सांगायची. पोटाचं. डोळ्यांचं. "मला चालेल का?" असं आजी विचारायची, आणि काकू दात आवळून पुढचा शब्द शोधायची. कधी कधी ती माझ्याकडे अशी बघायची की मी पुस्तक उचलून गच्चीत जायचे. काकूला गच्चीत जाता येत नव्हतं. बेल खाली वाजायची.

जूनमध्ये मला दुसऱ्या गावी शिकवण्याचं काम मिळालं. निघायच्या सकाळी काकूने माझी बॅग दारापर्यंत आणून दिली, पाण्याची बाटली भरून दिली, पोचल्यावर कळव म्हणाली, वेळेवर जेव म्हणाली. सगळं रीतसर झालं. जिना अर्धा उतरल्यावर मला आठवलं की मोबाइलचा चार्जर राहिला. मी परत वर आले. दार उघडंच होतं. साडेनऊ वाजून गेले होते. टेबलावर कागद पसरलेले होते, आजी पलीकडच्या खुर्चीत परात घेऊन बसली होती, आणि काकू गुडघ्यांवर बसून टेबलाखाली डोकं घालून काहीतरी शोधत होती. पर्स खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आली होती. मी आलेलं तिला कळलं नाही. मी भिंतीवरच्या प्लगमधून चार्जर काढला.

"आई, पाय जरा वर घ्या," ती टेबलाखालून म्हणत होती. "चौदावं पान तुमच्या पायाखाली गेलंय."